आकाश नसलेला रतनगड : एका लाकडी जिगसॉची घडण

माझी एक मैत्रीण नाशिकमध्ये समुपदेशनाचे काम करते. तिच्याकडे येणारी बहुतेक मुलेमुली महाविद्यालयीन वयाची असतात आणि पहिल्या काही भेटींत त्यांना समोरच्या माणसाकडे पाहून बोलणे जड जाते. हाताला काही उद्योग असला की तोंड आपोआप उघडते, असा तिचा अनुभव. म्हणून खोलीतल्या टेबलावर कायम मांडून ठेवता येईल, कोणी दहा मिनिटे जुळवावा आणि उरलेला पुढच्या भेटीसाठी किंवा पुढच्या माणसासाठी सोडून जावा, असा लाकडी जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरे करायचे कोडे, तिला हवा होता. विषय तिने फोनवर एका दमात सांगितला : डोंगर, आणि माणसाचे आतून वाढणे. मी पाठ्यपुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रे काढते, सवड मिळेल तेव्हा सह्याद्रीत हिंडते, तेव्हा हे काम माझ्याकडे येणे ओघानेच होते.

विषय ऐकताक्षणी डोळ्यांपुढे जी चित्रे आली ती सगळी आधीच कोणीतरी काढलेली होती. कड्याच्या टोकावर हात पसरून उभा असलेला तरुण, मागे उगवता सूर्य, खाली ढग. पहाटे फोनवर येऊन पडणाऱ्या सुविचारांमागे हेच चित्र असते. त्यात मला दोन अडचणी दिसत होत्या. शिखर ही वाढीची खूण मानली की पायथ्याशी असलेला माणूस न बोलता अपयशी ठरतो, आणि त्या खोलीत येणारी मुले नेमकी स्वतःला पायथ्याशीच पाहत असतात, ही पहिली. दुसरी अडचण जिगसॉ या वस्तूचीच होती. तो नुसता पाहायचा नसतो, हाताने करायचा असतो. चित्रात वाढ कितीही देखणी रंगवली तरी जुळवणाऱ्याच्या बोटांना तिचा पत्ता लागत नाही. बोटांना भेटते ती कापाची रेघ. तेव्हा वाढ ठेवायचीच असेल तर ती कापात ठेवावी लागेल, हे माझ्यापुरते ठरले आणि पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यातून निघाले.

डोंगर कोणता, याचा फार खल करावा लागला नाही. कल्पनेतला टोकदार, बर्फाच्छादित सुळका मला नको होता. नाशिककर मुलांनी सहलीला जाताना गाडीच्या खिडकीतून पाहिलेला, काळ्या कातळाचा डोंगर हवा होता. मी अकोले तालुक्यातला रतनगड सुचवला.

"अगं, कळसूबाई शेजारी असताना रतनगड कशाला?" मैत्रिणीने विचारले. "वाढ म्हटल्यावर सगळ्यांत उंच शिखर नको का?"

"सगळ्यांत उंच म्हटलं की शर्यत आली," मी म्हटले. "आणि कळसूबाईला नेढं नाही, कातळातलं आरपार भोक."

कळसूबाई १६४६ मीटर आणि रतनगड १२९७ मीटर, हा फरक चित्रात तसाही दिसला नसता. रतनगडाचे माझ्या दृष्टीने खरे धन त्याच्या रचनेत आहे. पायथ्याला रतनवाडी आणि तिथले अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर, या डोंगरात उगम पावणारी प्रवरा आणि तिला अडवून १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचा जलाशय, दाट रानातून चढणारी वाट, शेवटच्या कातळावर ठोकलेल्या लोखंडी शिड्या, गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, गडाला खेटून उभा असलेला खुटा नावाचा सुळका, आणि माथ्याजवळ कातळाला आरपार पडलेले ते नेढे. आठ-दहा माणसे त्यात सहज बसतात, आणि वारा इतका भणाणतो की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. अलंग, मदन, कुलंग हे गड आणि कळसूबाई ही सगळी मंडळी गडावरून दिसतात. माथ्यावर पोहोचलेला माणूस तिथे उभा राहून हात पसरत नाही. तो नेढ्यात जाऊन बसतो, पाणी पितो आणि ज्या बाजूने आला तिच्या उलट बाजूला काय आहे ते पाहतो. मला हवे ते चित्र हेच होते.

रेखाटने करायला गडावर गेले तेव्हा रंगांपेक्षा रेघाच अधिक टिपल्या. सह्याद्रीचा कातळ म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून ते पसरले आणि थंड झाले. त्यातले घट्ट, एकसंध थर आज उभे कडे होऊन राहिले आहेत आणि मधले ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार आणि पट्टे झाले आहेत, ज्यांवर माती धरते, गवत आणि कारवी वाढते आणि आडव्या पायवाटा जातात. दुरून पाहिले की डोंगर आडव्या रेघांनी आखलेला दिसतो : काळा पट्टा, हिरवा पट्टा, पुन्हा काळा. माझ्या रेखाटनवहीत या आडव्या रेघा जसजशा वाढत गेल्या तसतसे लक्षात आले की डोंगराने स्वतःच्या कापाच्या रेघा आधीच आखून दिल्या आहेत.

जिगसॉच्या जन्मकथेशी हे चांगले जुळते. लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने १७६०च्या दशकात नकाशा पातळ लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, तो मुलांना भूगोल शिकवण्यासाठी. म्हणजे पहिल्या जिगसॉमध्ये काप हा चित्राच्या अर्थाचाच भाग होता; एक तुकडा म्हणजे एक देश. पुढे पुठ्ठ्याचे स्वस्त जिगसॉ साच्याने दाबून कापले जाऊ लागले आणि काप चित्रापासून तुटला. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक खोक्यांत, मग चित्र ताजमहालाचे असो की मांजरीच्या पिल्लांचे, काप तोच असतो : उभ्या-आडव्या लाटांची जाळी आणि प्रत्येक तुकड्याला दोन खुंट्या, दोन खाचा. मला स्पिल्सबरीच्या पद्धतीकडे परत जायचे होते, आणि देशांच्या सीमांच्या जागी कातळाचे थर घ्यायचे होते.

सगळ्यांत आधी आकाश गेले. जिगसॉ जुळवणाऱ्या कोणालाही विचारा, निळ्या आकाशाचे तुकडे हे त्याच्या आयुष्यातले सर्वांत निरर्थक तुकडे असतात. ते जुळवताना माणूस काही शिकत नाही, नुसता चिवटपणा दाखवतो. मी चित्राची वरची कड डोंगराच्या धारेवरूनच कापायची ठरवली. खालची कड सरळ, दोन्ही बाजू सरळ, आणि वरची बाजू म्हणजे रतनगडाची धार : खुटा, मधली खिंड, माथा. धारेच्या वर काहीच नाही, टेबलच. हे ठरताच नेढ्याचा प्रश्नही सुटला. वर आकाश रंगवलेले नसेल तर नेढ्यातही आकाश रंगवता येत नाही. तिथे भोकच हवे, आणि त्यातूनही टेबल दिसायला हवे. खुटा आणि नेढे दोन्ही दिसावेत म्हणून मी पाहण्याचा कोन जरा वाकवून घेतला आहे. जाणकार भटक्यांच्या हे लगेच लक्षात येईल, पण ही सूट चित्रकाराला मिळायला हवी.

चित्राच्या रंगांत मी वाढ दाखवली नाही, पण काळ दाखवला. डाव्या कडेला वैशाखातला डोंगर आहे, करपलेल्या गवताचा आणि धुळकट कातळाचा. उजवीकडे सरकत गेले की पहिला पाऊस, मग श्रावणातला ओला काळाकभिन्न कडा आणि त्यावरचे पाण्याचे ओघळ, मग भाद्रपदात सोनकीने पिवळा झालेला उतार, मार्गशीर्षातले सोनेरी गवत, आणि उजव्या कडेला पुन्हा करपलेला वैशाख. दोन्ही कडांचे रंग मी मुद्दाम एकसारखे ठेवले. जुळवणारा कडेचे तुकडे आधी शोधतो; इथे त्याला सुरुवातीचा वैशाख कोणता आणि शेवटचा कोणता ते रंगावरून कळत नाही, काप पाहूनच ठरवावे लागते. मधल्या पट्ट्यांत कारवी आहे. सात वर्षे नुसत्या काटक्या आणि पाने घेऊन उभे राहणारे आणि मग एका पावसाळ्यात सगळ्या उतारावर एकदम फुलणारे हे झुडूप या विषयाला इतके सोयीचे होते की मला त्याचा थोडा संशयच येऊ लागला. शेवटी फुललेली कारवी फक्त एका कोपऱ्यात ठेवली. बाकी सगळीकडे ती न फुललेली आहे. चित्र अपारदर्शक जलरंगांत केले, इंचाला सहाशे ठिपके इतक्या बारकाईने स्कॅन केले आणि अठरा बाय बारा इंचांवर छापायचे ठरवले.

आता काप. या भागाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि मला सर्वांत जास्त मजाही इथेच आली. लाकडी जिगसॉच्या तुकड्याला खुंटी असते आणि शेजारच्याला तिची खाच असते. खुंटीची मान घागरीच्या गळ्यासारखी अरुंद असली की तुकडे एकमेकांना धरून राहतात, उचलले तरी सुटत नाहीत. पण जुन्या लाकडी जिगसॉमध्ये, विशेषतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या माणसांसाठी हाताने कापलेल्यांत, पुष्कळ तुकड्यांना खुंट्याच नसत. नुसत्या वळणदार कडा एकमेकींना टेकवून ठेवायच्या. टेबलाला धक्का लागला की सगळे सरकायचे. शिवाय ते कारागीर रंग बदलतो त्याच रेघेवरून कापत, त्यामुळे एका तुकड्यावर हिरवा संपला आणि शेजारच्यावर काळा सुरू झाला की दोघांचे नाते रंगावरून ओळखता येत नसे. अवघडपणा वाढवण्याच्या या दोन्ही युक्त्या मला एकाच डोंगरात चढत्या क्रमाने वापरता येणार होत्या.

पायथ्याच्या पट्ट्यात, जिथे भाताची खाचरे, रतनवाडीची घरे आणि मंदिर आहे, तिथे तुकडे मोठे ठेवले, प्रत्येकाला चांगल्या गुबगुबीत खुंट्या दिल्या आणि रंगाच्या सीमा तुकड्यांच्या मधून जाऊ दिल्या, म्हणजे अर्धे घर या तुकड्यावर आणि अर्धे त्या. हा पट्टा कोणालाही जुळवता येतो आणि एकदा जुळला की घट्ट बसतो. त्याच्या वरच्या रानाच्या पट्ट्यात खुंट्या कमी केल्या. कड्यांच्या पट्ट्यात काप सरळ थरांच्या रेघांवरून नेला : काळा तुकडा संपतो तिथे हिरवा सुरू होतो, रंगाचा दुवा नाही, तेव्हा कडेचे वळण बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि माथ्याच्या पट्ट्यात, नेढ्याच्या आजूबाजूला, एकही खुंटी नाही. तिथले तुकडे फक्त खालच्या तुकड्यांवर आणि शेजाऱ्यांवर टेकून राहतात. ते बसवायचे तर हात हलका लागतो, बाही टेबलावरून फिरता कामा नये आणि खालचा पट्टा नीट दाबून बसवलेला असावा लागतो. खालून वर येईपर्यंत जुळवणाऱ्याचा हात हे सगळे न सांगता शिकलेला असेल, अशी माझी अपेक्षा होती. चित्रात कुठेही कोणी शिखर सर करत नाही. जे काही वाढायचे ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूला.

लाकडी जिगसॉमध्ये काही तुकडे ओळखीच्या आकारांचे कापण्याची जुनी रीत आहे : पक्षी, दिवा, माणूस. मैत्रिणीने गरुड सुचवला, तो मी नम्रपणे नाकारला. माझ्या आकृती अशा आहेत : बुटाची नाडी बांधायला वाकलेली मुलगी, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, पावसाळ्यात वाटेवर हमखास भेटणारा खेकडा, सोनकीचे एक फूल, पाण्याची बाटली तोंडाला लावलेला मुलगा, आणि लोखंडी शिडी. सगळी माणसे वाटेवर आहेत, माथ्यावर एकही नाही. शिडीने मात्र फार सतावले. लांब आणि बारीक तुकडा प्लायच्या वरच्या पापुद्र्याच्या रेषांना आडवा गेला की मोडतो. तो रेषांच्या दिशेने घेतला आणि कुठेही पाच मिलिमीटरपेक्षा बारीक होऊ दिला नाही तेव्हा कुठे टिकला. त्यासाठी शिडीच्या पायऱ्यांमधली भोके बुजवावी लागली आणि पायऱ्या नुसत्या रंगाने दाखवाव्या लागल्या.

लाकडाच्या बाबतीत मी तीन प्रकार पाहिले. आपल्याकडच्या इमारती लाकडाच्या दुकानांत मिळणारे चार मिलिमीटरचे नेहमीचे प्लाय स्वस्त, पण त्याच्या मधल्या थरांत फटी आणि गाठी असतात. तुकडे लेझरने कापायचे होते; तो तिथे अडखळतो आणि एखाद्या तुकड्याची कड आतून पोकळ निघते. पाणी सोसणारे महागडे प्लाय तर लेझरला नकोच, कारण त्यातला गडद गोंद जळायला तयार नसतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, सगळीकडे सारखे कापले जाते, पण त्याच्या कडा काजळीने काळ्या होतात, बोटांना लागतात, आणि नाशिकच्या पावसाळी हवेत ते फुगते. फुगलेली खुंटी खाचेत जात नाही. शेवटी बर्च या झाडाच्या लाकडाचे प्लाय घेतले. ते आयात होते म्हणून महाग पडते, पण थर पातळ, एकसारखे, आणि कड तपकिरी निघते जी या डोंगराला शोभते. चित्र मॅट कागदावर पिगमेंट शाईने छापून घेतले आणि पांढऱ्या फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात देऊन प्लायवर चिकटवले, वर सपाट फळी आणि तिच्यावर घरातले सगळे शब्दकोश. वाळायला घाई केली की कागदाखाली हवेचे फुगे राहतात आणि कापताना नेमकी तिथली कड उचलली जाते. रात्रभर वजनाखाली ठेवणे हाच उपाय.

नाशिकमधल्या सातपूरला लग्नपत्रिकांची खोकी आणि ॲक्रिलिकच्या नावपाट्या कापून देणाऱ्या एका लहानशा दुकानात लेझरचे काम झाले. मशीन चालवणाऱ्या दादांनी आधी फाइल पाहिली आणि मान हलवली.

"मॅडम, प्रत्येक तुकडा वेगळा काढलाय का तुम्ही? मग मधल्या सगळ्या लाईन डबल येणार. मशीन एकाच रेघेवरून दोनदा जाणार, कागद जळणार."

"नाही दादा, मधली रेघ दोन तुकड्यांत मिळून एकच आहे. हे बघा."

त्यांनी कोरलड्रॉ या संगणकावरच्या आखणीच्या प्रणालीत रेघा सुट्या करून खात्री करून घेतली आणि मग त्यांचा चेहरा खुलला. त्यानंतर त्यांनी मला ज्या गोष्टी सांगितल्या त्या कोणत्याही पुस्तकात मला इतक्या नेमक्या मिळाल्या नव्हत्या. लेझर रेघ कापत नाही, रेघेएवढे लाकूड जाळून नाहीसे करतो. ती झीज साधारण पाव मिलिमीटरच्या आतच असते, पण खुंटी-खाचेत ती जाणवते, तुकडे सैल बसतात. म्हणून खुंटीचे डोके मोठे आणि मान बारीक हवी, म्हणजे फट राहूनही ती निसटत नाही. किरण आत शिरतो त्या बाजूची फट किंचित रुंद होते, म्हणून चित्र खाली ठेवून मागून कापायचे आणि फाइल आरशातल्यासारखी उलटी करायची. खालच्या जाळीवरून उसळणाऱ्या धुराचे डाग चित्रावर पडू नयेत म्हणून आधी चित्रभर मास्किंग टेप लावायचा. आकृतींचे तुकडे आधी, मधल्या रेघा नंतर, आणि बाहेरची कड सगळ्यांत शेवटी, कारण बाहेरची कड आधी सुटली की फळी जागेवरून हलते आणि पुढचे सगळे चुकते. नेढे त्यांनी सर्वांत आधी कापले.

"हा तुकडा पण द्यायचा ना मॅडम?" नेढ्यातून निघालेला लाकडाचा लंबगोल चिमटीत धरून त्यांनी विचारले.

"नाही, तो नको."

"मग पझल अपुरं राहील की."

मी त्यांना रतनगडाचे नेढे फोनवर दाखवले. "हां, म्हणजे तिथं खरंच भोक आहे," ते म्हणाले, आणि तो लंबगोल त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यासाठी ठेवून घेतला.

कापून झाल्यावरचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही : प्रत्येक तुकड्यावरचा टेप नखाने सोलायचा, कडा कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि धुराचा वास जाईपर्यंत तुकडे गच्चीत सावलीला पसरून ठेवायचे. जिगसॉत दोनशेच्या घरात तुकडे असले की या कामात नखांचे काय होते ते ज्याचे त्याने पाहावे.

पहिला संच मी मैत्रिणीच्या केंद्रात मांडला आणि आम्ही दोघी बाजूला बसून पाहत राहिलो. पायथा भराभर जुळला. कड्यांपाशी सगळे थांबले, आणि इथे मला हवे होते तेच घडताना दिसले : तुकडा डोळ्यांपुढे धरून पाहणारे हात हळूहळू तुकडा उलटा करून कड चाचपू लागले. एका मुलाच्या कोपराची धडक बसून माथ्याचे सगळे तुकडे सरकले, पायथा मात्र जागचा हलला नाही. तो वैतागला, मग खुर्ची मागे ओढून उभा राहिला आणि उभ्याउभ्याच, हात वरून आणून, तुकडे ठेवू लागला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते.

नेढ्यापाशी मात्र गाडी अडली. जो तो टेबलाखाली वाकून हरवलेला तुकडा शोधू लागला. एका मुलीने आपली ओढणी झटकून पाहिली, मग पर्स उघडून पाहिली, आणि चेहरा पडला तिचा.

ती गेल्यावर मैत्रीण म्हणाली, "हे चालणार नाही गं. इथं येणाऱ्या पोरांना आधीच वाटत असतं की काही बिघडलं तर ते आपल्यामुळेच. त्यांच्या हातात अपुरी वस्तू देऊन मी त्यांना काय सांगू? की हे असंच असतं?"

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि तरीही नेढे बुजवायला मी तयार नव्हते. पाटी लावून 'इथे तुकडा नाही' असे लिहावे, हा पर्याय तिने सुचवला. पण पाटी लावावी लागली तर कापाने काहीच सांगितले नाही असे झाले असते. मी तो भाग पुन्हा पुन्हा हाताळून पाहिला तेव्हा कारण सापडले. नेढ्याभोवतीच्या तुकड्यांच्या कडा मी इतर कडांसारख्याच वळणावळणांच्या ठेवल्या होत्या, आणि जिगसॉत वळणाची कड म्हणजे शेजाऱ्याला दिलेली हाक असते. तिला प्रतिसाद देणारा कोणी नाही म्हणून हात शोधत राहतो. खऱ्या नेढ्याच्या कडा वाऱ्यापावसाने गुळगुळीत झालेल्या आहेत. मी नेढ्याची कड नव्याने आखली, एकसंध आणि गोलाकार, बाहेरच्या धारेला जशी दिली होती तशी, आणि पुढच्या संचात कापल्यावर तिला बारीक पॉलिशपेपर मारून मऊ केली. आता त्या तुकड्यांना बोट लावताच कळते की ही कड कोणाची वाट पाहत नाही. त्यानंतर टेबलाखाली वाकणारे फार थोडे दिसले. बरेच जण नेढे जुळून आले की त्यात बोट घालून टेबलावर टकटक करतात. हे मी योजले नव्हते.

खोक्यावर चित्र द्यायचे की नाही, यावर आमचे शेवटपर्यंत पूर्ण एकमत झाले नाही. मघाशी उल्लेख केलेले जुने लाकडी जिगसॉ चित्राशिवायच विकले जात. काय जुळणार आहे ते जुळवूनच कळायचे. मला तेच हवे होते, कारण आपण पुढे कसे दिसणार आहोत याचे चित्र हातात घेऊन कोणी वाढत नाही. मैत्रिणीचा मुद्दा असा की अर्ध्या तासासाठी आलेल्या मुलाला काहीच आधार दिला नाही तर तो हात लावण्याआधीच खोके बंद करतो. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला फक्त डोंगराच्या धारेची एक रेघ आली, रंग नाही, थर नाहीत, पण नेढे आहे. बघायचे त्याने झाकण उलटे करून बघावे.

सध्या तो संच केंद्रात रोजच्या वापरात आहे. पायथ्याचे तुकडे बोटांच्या तेलाने काळवंडले आहेत, शिडी एकदा मोडून फेव्हिकॉलने सांधली आहे आणि सोनकीचे फूल कोणीतरी खिशात घालून नेले. हरवलेला एकच तुकडा नव्याने कापून देणे वाटते तितके सोपे नाही : नव्या छपाईचा रंग जुन्याशी जुळत नाही आणि दोन वेगवेगळ्या फळ्यांतून आलेल्या कडा एकमेकींत नीट बसत नाहीत, तेव्हा फुलाची जागा तात्पुरती न रंगवलेल्या लाकडाच्या फुलाने भरली आहे आणि ते जरा सैल बसते. मैत्रिणीला आता हाच डोंगर ज्येष्ठ नागरिकांच्या गटासाठी मोठ्या, साठ-सत्तर तुकड्यांत हवा आहे. हाताला कंप असलेल्या माणसाला माथ्याचे सुटे तुकडे ठेवता येणार नाहीत, म्हणून तिथेही खुंट्या द्याव्यात असे ती म्हणते. मी त्याऐवजी चार मिलिमीटरच्या जागी सहा मिलिमीटरचे प्लाय घेऊन तुकड्यांचे वजन वाढवून पाहते आहे, म्हणजे ते खुंटीशिवायही जागेवर राहतील. सातपूरच्या दादांचे म्हणणे आहे की एवढ्या जाडीला किरण दोनदा फिरवावा लागेल आणि कागदाची कड करपेल, तेव्हा आधी कोऱ्या फळीवर फक्त माथ्याचा पट्टा कापून बघायचा असे आमचे ठरले आहे.